उणे मोजण्याआधी

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी सायंआरतीनंतर झालेले व्याख्यान. काही श्रोत्यांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



बोलायला उभा राहिलो आहे खरा, पण मी काही नामवंत वक्ता नाही. चौतीस वर्षे बँकेत नोकरी केली, त्यातली शेवटची काही प्रशिक्षण केंद्रात गेली. सातारा जिल्ह्यातला माणूस बदलीच्या निमित्ताने कावेरीकाठी आला. इथले पाणी आणि इथली डिग्री कॉफी अशी मानवली की निवृत्तीनंतरही कुंभकोणम सुटले नाही. गणपतीच्या दिवसांत मराठी कानावर पडते, ते या मंडळामुळे. तेव्हा आज जे बोलणार आहे ते घरचा माणूस म्हणून बोलणार आहे.

अध्यक्षांनी विषय दिला तो असा : संस्था सुधारावी कशी? वर म्हणाले, "साहेब, तुम्ही ट्रेनिंगवाले. जरा कडक बोला. कुणाला वाईट वाटलं तरी चालेल." मी हो म्हणालो. घरी जाताना मात्र लक्षात आले, की कडक बोलणाऱ्यांची आपल्या मंडळात मुळीच टंचाई नाही.

मागच्या वर्षी विसर्जनानंतर झालेली आढावा बैठक बहुतेकांना आठवत असेल. मीही होतो. अडीच तास चालली. भिंतीवर मोठा कागद लावला होता आणि त्यावर चुका लिहायच्या होत्या. महाप्रसादाला भात कमी पडला. आरतीच्या वेळी लाऊडस्पीकर बंद पडला. पावतीपुस्तके वेळेवर परत आली नाहीत. हॉलच्या दुसऱ्या दरवाजासमोर स्पीकरची खोकी ठेवली होती. हार उशिरा आले. मुले मोबाईलमध्ये डोके घालून बसली होती. पाहुण्यांना नारळ द्यायचा राहिला. मोजून तेवीस कलमे झाली, आणि खरे सांगतो, त्यातले एकही खोटे नव्हते.

त्या रात्री झाले काय? सजावट करणारी तीन पोरे मधूनच उठून गेली, ती पुढच्या मीटिंगला फिरकली नाहीत. अकरा वर्षे पै-पैचा हिशेब चोख ठेवणाऱ्या खजिनदारांनी कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. यंदा उत्सव करायचा की नाही, इथवर गोष्ट गेली. आज बाप्पा बसले आहेत ते चार-पाच जणांनी रात्रीचा दिवस केला म्हणून. तेवीस चुका सापडल्या, पण त्या बैठकीमुळे त्यातली एक तरी दुरुस्त झाली का?

हा प्रश्न तुम्हाला विचारण्याचा अधिकार मला एवढ्यासाठीच आहे की तो आधी मी स्वतःला विचारला आहे. तो किस्सा सांगतो.

याच खोऱ्यातल्या एका शाखेत मी मॅनेजर होतो. तिथे एक तमिळ कारकून होते, माझ्याहून वयाने मोठे. अक्षर मोत्यासारखे, स्वभाव गरीब, पण काउंटरवर भारी संथ. त्यांच्या खिडकीपुढची रांग दारापर्यंत जायची. वर्षाअखेरी गोपनीय अहवाल भरताना मी लागोपाठ तीन वर्षे लिहिले : कामाचा वेग कमी, सुधारणेस वाव आहे. त्यांची बढती हुकली. चौथ्या वर्षी ते पायाच्या ऑपरेशनसाठी दोन महिने रजेवर गेले. मी मनात म्हटले, आता काउंटर पळेल. काउंटर पळाले. पण पीककर्जाची वसुली थांबली.

शेवटी न राहवून शिपायाला विचारले. तो म्हणाला, "सार, कुरुवैची कापणी झाल्यावर कोणत्या गावात कधी पैसा येतो हे फक्त त्यांनाच ठाऊक. काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला ते दोन प्रश्न विचारतात. भात किती झाला, घरी कसं आहे. म्हणून तर वेळ लागतो." रांग लांबण्याचे कारण आणि वसुली होण्याचे कारण एकच होते. त्यातले अर्धेच मी अहवालात लिहिले होते.

ते परत आल्यावर त्यांना शेतीकर्जाच्या टेबलावर बसवले, आणि शाखेची वसुली सुधारली. पण बढतीचे वय निघून गेले होते. ते कारकून म्हणूनच निवृत्त झाले. निरोपाला चार गावांचे शेतकरी केळीचे घड आणि विड्याची पाने घेऊन आले होते. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. ती तीन वर्षे मला अजून बोचतात.

मित्रहो, अशी चूक माझ्यासारखा लहान माणूसच करतो असे नाही. तिचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या गावातच आहे. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचे ते छोटेसे घर आपण येता-जाता पाहतो. श्रीनिवास रामानुजन तिथे वाढले. १९०४ मध्ये टाउन हायस्कूलमधून गणिताचे पारितोषिक घेऊन ते बाहेर पडले आणि शिष्यवृत्तीवर कावेरीकाठच्या सरकारी कॉलेजात गेले. कॉलेज १८५४ सालचे, दक्षिणेचे केंब्रिज म्हणून लौकिक. मुलगा सगळा वेळ गणितात बुडालेला. इंग्रजी निबंधात नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. १९०५ मध्ये तो घरी न सांगता विशाखापट्टणमला निघून गेला. पुढे मद्रासला पच्चय्यप्पा कॉलेज झाले, तिथे शरीरशास्त्र आडवे आले. १९०६ मध्ये एफ.ए.ची परीक्षा नापास, १९०७ मध्ये पुन्हा नापास.

नियमाने पाहिले तर परीक्षकांचे काही चुकले नव्हते. निबंध वाईट होता हे खरेच असेल. पण पुढे काय घडले ते पाहा. रामानुजन बदलले नाहीत, त्यांच्याकडे पाहणारे बदलले. व्ही. रामस्वामी अय्यर, आर. रामचंद्र राव यांनी गुणपत्रिका बाजूला ठेवून त्यांची वही पाहिली. रामचंद्र रावांनी काही काळ महिना २५ रुपये दिले. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांची कारकुनी मिळाली. तिथले मुख्य हिशेबनीस नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार. त्यांनी आणि अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी या कारकुनाला पाठबळ दिले. १९१३च्या जानेवारीत हार्डींना पत्र गेले. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने पदवी नसलेल्या या माणसाला ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. १९१४ मध्ये ते केंब्रिजला पोचले, १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

हार्डींची गोष्ट तर प्रत्येक अधिकाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. रामानुजन यांच्या शिक्षणातल्या फटी त्यांना दिसत होत्या. पण फटी बुजवण्याच्या नादात झराच आटू नये, ही काळजी त्यांनी घेतली. हवे तेवढे शिकवले आणि स्वतःही त्यांच्याकडून शिकले. १९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी रामानुजन गेले. फुकट गेलेली ती तीन-चार वर्षे त्यांना मिळाली असती तर, असे मनात येतेच.

दुसरे उदाहरणही याच मातीतले, आणि आपल्या माणसाचे. राजा सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८चा, कुंभकोणमच्या मराठी घराण्यातला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे ते दिवाण झाले. पण मूळचा पिंड शिक्षकाचा. त्रावणकोरला ते १८४९ मध्ये गेले ते राजपुत्रांचे शिक्षक म्हणून. १८७५ मध्ये ते बडोद्याचे दिवाण झाले, त्याच वर्षी नाशिककडच्या कवळाणे गावातला एक मुलगा दत्तक होऊन गादीवर आला. वय बारा, घर शेतकऱ्याचे, अक्षरओळख नाही. काय काय येत नाही याची यादी करायची म्हटली तर दप्तरे भरली असती. त्याऐवजी मुलाची समज ओळखून शिक्षणाची पद्धतशीर व्यवस्था लावली गेली. १८८१ मध्ये खुद्द माधवरावांनी त्याला राज्यकारभारावर व्याख्याने दिली. 'मायनर हिंट्स' नावाने ती पुस्तकरूपाने आहेत. तो मुलगा म्हणजे सयाजीराव महाराज. १९०६ मध्ये संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणारे, आणि १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती देणारे.

आता तुम्ही म्हणाल, रामानुजन आणि सयाजीराव ही माणसे. संस्थेचे काय?

त्यासाठी जरा लांब जाऊ. अमेरिकेत ओहायो राज्यात केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठ आहे. १९८०च्या सुमारास तिथे डेव्हिड कूपररायडर नावाचा विद्यार्थी डॉक्टरेट करत होता. त्याचे मार्गदर्शक होते भारतात जन्मलेले प्राध्यापक सुरेश श्रीवास्तव. अभ्यासासाठी क्लीव्हलँड क्लिनिक हे मोठे रुग्णालय घेतले होते. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे तो डॉक्टरांना यशापयशाच्या गोष्टी विचारत होता. विचारता विचारता त्याच्या ध्यानात आले, की यशाच्या गोष्टी सांगताना माणसे खुलतात, आणि संस्था खरोखर कशावर चालते ते त्या गोष्टींतूनच कळते. श्रीवास्तवांनी त्याला तोच धागा पुढे न्यायला सांगितले. १९८७ मध्ये दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि 'अप्रिशिएटिव्ह इन्क्वायरी' हे नाव जगभर गेले. मी त्याला आपला साध्या मराठीत 'गुणशोध' म्हणतो.

त्याच्या चार पायऱ्या सांगतात. इंग्रजीत चारही 'ड'ने सुरू होतात : डिस्कव्हरी, ड्रीम, डिझाइन, डेस्टिनी. आपल्या भाषेत सांगायचे तर, आपले काम उत्तम कधी झाले ते आधी शोधा. ते नेहमीच तसे झाले तर कसे दिसेल याचे चित्र सगळ्यांनी मिळून रंगवा. त्यासाठी काय रचना लागेल ती आखा. आणि मग ज्याने त्याने आपला वाटा उचला. आपल्या शेजारच्या बंगळुरूच्या 'मायराडा' या संस्थेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कॅनडातल्या एका संस्थेच्या साथीने दक्षिणेतल्या खेड्यांत हा प्रयोग केला. एरवी गावात सर्वेक्षण करणारा माणूस विचारतो, "तुमच्या अडचणी काय?" लोक अडचणी सांगतात आणि सरकार काय देते याची वाट पाहत बसतात. इथे विचारले गेले, गावाने एकत्र येऊन कोणते काम तडीस नेले? तिथून पुढची योजना सुरू झाली.

याचाच एक भाऊबंद आहे. इंग्रजीत त्याला 'पॉझिटिव्ह डेव्हियन्स' म्हणतात. गोष्ट व्हिएतनामची. १९९०च्या अखेरीस जेरी आणि मोनिक स्टर्निन हे जोडपे तिथे मुलांच्या कुपोषणावर काम करायला गेले. सरकारने मुदत दिली सहा महिन्यांची. एवढ्या वेळात गरिबी हटत नाही, विहिरी होत नाहीत. त्यांनी गावकऱ्यांनाच विचारले, अगदी गरीब घरातले, तरीही अंगाने भरलेले असे एखादे मूल आहे का? होती अशी मुले. त्यांच्या आया काय करतात ते गावातल्या बायकांनीच जाऊन पाहिले. त्या आया भाताच्या खाचरातले बारीक झिंगे, खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या भातात घालत होत्या. दिवसातून दोनदा भरपेट वाढण्याऐवजी थोडे थोडे चार-पाच वेळा भरवत होत्या. बाकीच्या घरांत हे पदार्थ लहान मुलांना चालत नाहीत असा समज होता. स्टर्निन यांनी भाषणे दिली नाहीत. आयांनी मूठभर झिंगे, खेकडे, पाला घेऊन यायचे आणि एकत्र स्वयंपाक करून मुलांना भरवायचे, एवढेच ठरले. मुले बाळसे धरू लागली. उपाय बाहेरून आणावा लागला नाही, तो खाचरातच होता.

आणि आपल्या महाराष्ट्रात जामखेड. अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे गेले. खेड्यात शिकलेल्या नर्स ठेवून पाहिल्या, पण त्या गावाला परक्या वाटत. मग गावानेच निवडलेल्या बाईला आरोग्यसेविका करायचे ठरले. कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हते, अनेकजणी तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतल्या. कागदावर पाहिले तर उणेच उणे. पण कोणत्या घरात बाळंतपण आहे, कुठले पोर दोन दिवस जेवलेले नाही, कुणाची सासू कशाने वळते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. ते ज्ञान कुठल्या कॉलेजात मिळणार? बाकीचे आरोळ्यांनी शिकवले. १९७९ मध्ये पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे डॉक्टर त्या बायकांकडून शिकायला जामखेडला येऊ लागले.

मागच्या आठवड्यात हे सगळे मी आपल्या एका गलाईवाल्या मित्राला सांगत होतो. आपल्यातल्या बऱ्याच घरांचा हा धंदा. विटा-खानापूर, आटपाडी, तासगावच्या दुष्काळी भागातून वाडवडील निघाले आणि देशभरच्या सराफपेठांत पोचले. तो हसून म्हणाला, "साहेब, तुमचं सगळं बरोबर. पण आमचा धंदाच खोट काढायचा. गुण शोधत बसलो तर सोनं शुद्ध होईल का?"

प्रश्न बिनतोड होता. मी विचारले, "सोनाराच्या दुकानातली झाडलोट तुम्ही पैसे देऊन घेता. कशासाठी?"

"त्यात सोनं असतं म्हणून."

"दिसतं का?"

"दिसत नाही. पण आहे हे माहीत असतं."

मी म्हटले, "मग झालं तर. आधी ती खात्री, मग मूस, मग तेजाब." झाडलोटीत सोने नाहीच असे ज्याने धरले, तो ती उकिरड्यावर टाकील. तेजाब पाहिजेच, पण कशाला वाचवायचे आहे हे ठाऊक असलेल्या माणसाच्या हातात पाहिजे. आपल्या त्या बैठकीत तेजाब भरपूर होते, सोने कुठे आहे ते कुणी विचारले नाही.

इथे एक गोष्ट अगदी स्पष्ट बोलली पाहिजे, नाहीतर माझे बोलणे म्हणजे नुसती गोड गोड भाषा होईल. या पद्धतीवर टीका करणारे म्हणतात, की कौतुकाच्या पांघरुणाखाली लोक खरे दोष झाकतात. ही टीका खोटी नाही. कुंभकोणममध्ये राहणाऱ्याने तर ती विसरूच नये. १६ जुलै २००४ हा दिवस आपल्यातल्या कित्येकांनी पाहिला आहे. शाळेच्या स्वयंपाकघरातून लागलेली आग झावळ्यांच्या छपराला भिडली आणि ९४ मुले गेली. त्या गल्लीतून आजही पाय जड होतात. अशा ठिकाणी 'शाळेचे गुण सांगा' म्हणणे हे पाप आहे. जिवाला धोका, पैशाचा हिशेब आणि सचोटी, या तीन गोष्टींत दोष आधी पाहायचा, लगेच पाहायचा आणि त्याच दिवशी दूर करायचा. तिथे भिडेला जागा नाही.

आता आपली तेवीस कलमे पुन्हा आठवा. त्यात एक कलम होते : दुसऱ्या दरवाजासमोर स्पीकरची खोकी. ते हाराच्या आणि नारळाच्या मध्ये कुठेतरी होते. तीनशे माणसे हॉलमध्ये असताना बाहेर पडायची वाट बंद होती, आणि या गोष्टीवर आपण किती बोललो? एक मिनिटसुद्धा नाही. नारळावर वीस मिनिटे गेली. लांबलचक यादीचा हाच धोका असतो. सगळ्याच चुका सारख्या दिसू लागतात आणि जीवघेणी चूक किरकोळ चुकांच्या गर्दीत दडते. परवा संध्याकाळी मी पाहिले, खोकी यंदाही तिथेच होती. अध्यक्ष आणि मी मिळून ती हलवली. आत्ता मागे वळून पाहा, दरवाजा मोकळा आहे.

राहिलेल्या बावीस कलमांसाठी मी एक उद्योग केला. गेल्या पंधरा दिवसांत आपल्यातल्या नऊ घरी गेलो आणि प्रत्येक ठिकाणी दोनच प्रश्न विचारले. या मंडळात तुम्हाला सर्वांत आपलेपणा कधी वाटला? आणि तेव्हा नेमके काय वेगळे होते? चहा-कॉफी बरीच झाली, डॉक्टरांना सांगू नका.

खजिनदारांकडे गेलो. आधी बोलेनात. मग म्हणाले, "२०१८ साली, गज चक्रीवादळाच्या वेळी." नोव्हेंबरातले ते वादळ आपल्या डेल्टाला झोडपून गेले होते. मंडळाने वर्गणी काढून छपरांसाठी पत्रे आणि ताडपत्र्या पाठवल्या होत्या. "त्या वेळी पावतीपुस्तकं मागावी लागली नाहीत. लोकांनी रात्री दहाला घरी आणून दिली. पैसे कुठं जाणार ते प्रत्येकाला माहीत होतं ना." ऐका मंडळी, पावतीपुस्तके उशिरा येतात या तक्रारीचे उत्तर याच मंडळाकडे आहे, आणि सात-आठ वर्षे ते कपाटात पडून आहे. वर्गणी कशासाठी, हे पुस्तक हातात देतानाच सांगा.

एका वहिनींनी २०२०ची आठवण काढली. सार्वजनिक उत्सव नव्हता. ज्याने त्याने घरी गणपती बसवला, पण बायकांनी ठरवून रोज एकाच वेळी फोनवर आरती केली आणि गल्ली गल्लीतल्या एकीने बाकीच्यांची विचारपूस करायची असे ठरवले. गावाकडे जाता न आलेल्या कामगार पोरांचे डबे त्यांनीच चालवले. "एकालाही डबा कमी पडला नाही, कारण किती जण आहेत ते आम्हाला तोंडपाठ होतं." भात का कमी पडला, हे मग वेगळे सांगायला नको. पाच पदाधिकारी अंदाज करत होते. गल्लीवार मोजणाऱ्या बायकांना कुणी विचारलेच नाही.

माझ्या शेजारच्या तमिळ मित्राच्या आईंनी सांगितले, "तुमचा मोदक आणि आमची कोळुकट्टै एकच. एकदा तुम्ही मला कळ्या पाडायला बसवलं होतंत, तेव्हापासून हे माझंही मंडळ." नंतर त्यांना कुणी बोलावले नाही. आज त्या समोर बसल्या आहेत, म्हणून जाहीर विनंती करतो, उद्या सकाळी त्यांना ओट्याजवळ खुर्ची ठेवा.

आणि त्या तीन पोरांपैकी एकाला भेटलो. तो म्हणाला, "काका, एका सुट्टीत मी स्वामिमलैला मूर्तिकारांकडे जायचो. ते पंचधातूच्या ओतकामाला कावेरीची बारीक माती वापरतात. ती माती कशी मळायची ते बघून आपल्या मंडळासाठी छोटा गणपती केला होता. दोन रात्री जागलो. बैठकीत माझ्या कानावर एवढंच आलं, की लाऊडस्पीकर बंद पडला." मला त्या क्षणी माझे ते तीन गोपनीय अहवाल आठवले. त्या कारकुनांची वर्षे मी परत देऊ शकत नाही. या पोराचे वर्ष मात्र अजून आपल्या हातात आहे.

म्हणून निरोपाचे चार शब्द, कामाचे. एक : विसर्जनानंतरची बैठक या दोन प्रश्नांनी सुरू करा, प्रत्येकाने एक आठवण सांगायची. दोन : वायरिंग, मोकळी वाट आणि हिशेब यांची वेगळी, छोटी यादी करा. प्रत्येक कलमापुढे एक नाव आणि एक तारीख. यात सवलत नाही. तीन : उरलेल्या तक्रारींपैकी प्रत्येकीला विचारा, हे कधी बिघडले नव्हते? तेव्हा कोण काय करत होते? उत्तर बहुतेक वेळा याच सतरंजीवर बसलेले असेल.

आजच्या आरतीनंतर अध्यक्ष आणि मी खजिनदारांच्या घरी जाणार आहोत. किल्ल्या बरोबर नेणार नाही. फक्त विचारणार आहोत, की २०१८ सारखे पुन्हा करायचे तर त्यांना काय लागेल.

 गणपती बाप्पा मोरया!

(ता. क. : स्मरणिका छापायला जाताना संपादकांनी विचारले, पुढे काय झाले? तीनपैकी दोन मुले परत आली, तिसरा नोकरीसाठी चेन्नईला गेला. यंदाची लहान मूर्ती कावेरीच्या मातीची आहे. खजिनदारांनी दोन तरुणांना हाताखाली घेण्याच्या अटीवर एक वर्षासाठी किल्ल्या घेतल्या आहेत. महाप्रसादाची मोजणी गल्लीवार झाली. भात पुरला, सांबार मात्र कमी पडले. बैठकीत त्यावर दोन मिनिटे बोलणे झाले.)